कोऱ्या बाटलीतला समुद्रघोडा

ठरवलेली होडी आलीच नाही, तिथून सगळी गंमत सुरू झाली.

सकाळचे सहा वाजले होते. धक्क्यावर पाऊस भुरभुरत होता, म्हणजे छत्री उघडावी तर लोक हसतात आणि न उघडावी तर चष्मा भिजतो, असा. तिच्या पायाशी बर्फाची पेटी, पेटीत आठ बाटल्या, कानाला फोन. फोनवर ठरलेला होडीवाला सांगत होता की इंजिनाने पहाटे राम म्हटला, आता काही खरं नाही. तिने फोन ठेवला आणि मनातल्या मनात त्याला दोन शिव्या घातल्या. मोठ्याने घातल्या नाहीत, कारण लॅबमध्ये सगळे तिला गरीब गाय समजत आणि तो समज तिला सोयीचा होता.

तेवढ्यात शेजारच्या होडीतून शिट्टी ऐकू आली. एक उंच, सावळा तरुण होडीतलं पाणी डब्याने उपसून टाकत होता आणि असा मन लावून शिट्टी वाजवत होता, की त्यासाठीच कोणी त्याला पहाटे उठवलं असावं.

"अहो, होडी मिळेल का?"

शिट्टी थांबली. "मिळेल की. कुठे जायचंय?"

"खाडीत. पाणी आणायला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग धक्क्याच्या तिन्ही बाजूंना पसरलेल्या पाण्याकडे पाहिलं. "मॅडम, पाणी इथेही आहे."

"मला तिथलं हवंय."

"तिथलं गोड लागतं?"

"प्यायला नकोय हो! त्या पाण्यात कोण कोण राहतं, ते बघायचंय मला."

तो उडी मारून वर आला आणि पेटीत डोकावला. "सात बाटल्या रिकाम्या दिसतायत. ही आठवी तर भरलेलीच आहे."

"ती कोरी आहे."

"भरलेली आहे, मॅडम."

"भरलेली आहे, पण कोरी आहे. शुद्ध पाणी आहे त्यात. खाडीत न्यायचं, झाकण उघडायचं, परत लावायचं आणि घरी आणायचं."

त्याने यावर बराच विचार केला. "माझ्या होडीतून तऱ्हेतऱ्हेची माणसं गेली," तो शेवटी म्हणाला, "पण पाण्याला समुद्र दाखवायला नेणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

तिला हसू आलं. सकाळी सहाला, भिजलेल्या चष्म्याने, तिला हसू आलं… आणि हे तिच्या बाबतीत फारच क्वचित घडत असे.

धक्क्यावर त्याला सगळे शिट्टी म्हणत. त्याचं खरं नाव बहुधा शाळेच्या दाखल्यावरच उरलं असावं. होडी सुरू करण्याआधी त्याने सुकाणूच्या वर दोऱ्याला टांगलेल्या एका वाळक्या, बोटभर वस्तूला हात लावला. तिने चष्मा पुसून नीट पाहिलं. समुद्रघोडा होता, घोड्यासारखं तोंड, शेपटीचं वेटोळं, अंग लाकडासारखं कडक झालेलं.

"हा कुठे मिळाला?"

"बाबांना. तीस वर्षांपूर्वी, काठावर मेलेला. त्याला हात लावल्याशिवाय ही होडी कधी सुटलेली नाही."

वाटेत त्याने पुढची कथा सांगितली. त्याचे बाबा तरुणपणी पाण्याखाली उतरून नांगर सोडवायचं काम करत. खाडीच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात पाण्याखाली गवत आहे, हिरवंगार, गुडघाभर उंच. त्या गवताच्या पात्यांना शेपट्या गुंडाळून उभे असलेले समुद्रघोडे बाबांनी पाहिले होते, एकदा नव्हे, अनेकदा. पण कोणाचा विश्वास बसला नाही. त्या गवतात कोणी जाळं टाकत नाही, कारण ते फाटतं. आणि आता पाणी इतकं गढूळ झालंय की उतरणाऱ्याला स्वतःचा हात दिसत नाही. लोक म्हणत, तो वाळका घोडा म्हाताऱ्याने दुकानातून आणला. आजही बाबा धक्क्यावर दिसले की कोणीतरी हटकून विचारायचं, "काय काका, आज घोडे पाण्यावर आले होते का?"

"आणि आता बंदर खात्याला तेच गवत उपसायचंय," शिट्टी म्हणाला. "मोठ्या बोटी उभ्या करायला. बाबांनी अर्ज केला, तर साहेब म्हणाले, पुरावा आणा. दीड महिन्यानं सुनावणी आहे. आता पुरावा काय, घोड्याचा फोटो काढून आणू?"

"फोटो कशाला? पाणी आणा."

मग तिने त्याला समजावून सांगितलं. मासा पाण्यातून नुसता फिरून गेला, तरी मागे काहीतरी सोडून जातो. अंगाचा बुळबुळीत थर, एखादा खवला, पोटातली घाण. आंघोळ झाल्यावर मोरीत केस राहतात ना, तसं. त्या कणाकणात त्याच्या जातीची ओळख असते. पाणी गाळायचं, गाळणीवर उरलेलं यंत्रात घालायचं, की यंत्र यादी देतं, अमुक मासा, तमुक खेकडा. एकालाही न पकडता अख्ख्या खाडीची खानेसुमारी. सरकारने तिच्या लॅबला ह्याच खाडीची यादी करायला सांगितली होती.

तो थक्क झाला. थक्क झाला म्हणून शिट्टी वाजवायला लागला.

"नाही!" ती ओरडली. "बाटल्यांवर शिट्टी नको! थुंकी उडते. उद्या यादीत तुम्हीच याल."

"कोणत्या नावाने?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

तिने मान खाली घालून बाटलीवर नंबर लिहिला. पण परतीच्या वाटेवर, बाटल्या पेटीत बंद झाल्यावर, ती स्वतःहून म्हणाली, "आता वाजवा." आणि तो धक्का येईपर्यंत वाजवत राहिला.

*

दुसऱ्या फेरीला तिने जुन्या होडीवाल्याला फोनच केला नाही. इंजिन दुरुस्त झालं का, हेही विचारलं नाही. आता मनात नसलं की माणूस विचारत नाही, एवढंच.

शिट्टीने त्या दिवशी हातमोजे मागितले. "तुम्ही एकट्या किती करणार? मी बाटल्या देतो, झाकणं लावतो." तिने शिकवलं: मोजे घालायचे, नाकाला हात नाही, डोक्याला हात नाही, एक बाटली झाली की मोजे बदलायचे. तो शाळेतल्या हुशार मुलासारखा शिकला. मोठमोठ्या बोटांनी इवलीशी झाकणं इतक्या हळुवारपणे फिरवायचा, की ती बाटलीवर नंबर लिहायचं विसरून बघत राहायची.

"मॅडम, नंबर."

"हो, हो. लिहितेय."

"पाच झाला. तुम्ही परत पाचच लिहिलाय."

तिसऱ्या फेरीला दोघं गवताच्या जवळ गेली, तेव्हा पावसाची सर आली. त्याने मोठी छत्री उघडली आणि क्षणभर घुटमळला. "तुझ्यावर धरू की बाटल्यांवर?"

अहोजाहो कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"बाटल्यांवर," ती म्हणाली. मग चिंब भिजली आणि तिला शिंक यायला लागली. हातात उघडी बाटली! ती डोळे मिटून, श्वास रोखून उभी राहिली, तर त्याने एका बोटाने तिची हनुवटी हळूच पलीकडे वळवली. शिंक समुद्राला गेली. बोट मात्र हनुवटीवर… जरासं जास्तच राहिलं. मग त्याने तो मोजा काढला, पिशवीत टाकला आणि नवा घातला.

"बरोबर ना?" त्याने विचारलं.

"बरोबर," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी त्याने तिला बाबांकडे नेलं. म्हातारा खुर्चीत ताठ बसला होता. त्याने तिला नाव-गाव विचारलं नाही, एकच विचारलं, "पोरी, तुझं यंत्र खोटं बोलतं का?"

"नाही, बाबा."

"मग बरं आहे. इथे माणसं मला खोटं पाडतात. आता यंत्राला विचारू."

*

तिन्ही फेऱ्यांच्या गाळण्या एकदम यंत्रात गेल्या, कारण यंत्र महागडं आणि त्याच्यासाठी रांग मोठी. याद्या क्रमाने पडद्यावर येत गेल्या. पहिल्या फेरीत बांगडे, कोळंबी, खेकडे, नेहमीची मंडळी. दुसऱ्या फेरीची तिसरी बाटली आली आणि ती खुर्चीतून उठलीच. समुद्रघोडा! पुढच्या बाटलीत समुद्रघोडा. त्याच्या पुढच्या बाटलीतही.

कोऱ्या बाटल्यांचे निकाल शेवटी यायचे होते. ती थांबली नाही. तिने तिथूनच फोन लावला. "अरे, सापडला! बाबांचा घोडा सापडला!"

पलीकडून इतकी जोरात शिट्टी आली, की तिने फोन कानापासून लांब धरला. तासाभराने त्याचाच फोन, की बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय आणि अख्ख्या धक्क्याला चहा पाजतायत, जो जो चिडवायचा त्याला दोन-दोन कप.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या मोठ्या मॅडमनी तिला पडद्यापाशी बोलावलं. त्या कधी आवाज चढवत नसत, म्हणून सगळे त्यांना जास्तच घाबरत.

"ह्या तीन कोऱ्या बाटल्या. पहिल्या फेरीची स्वच्छ. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या बाटलीत काय दिसतंय, वाच."

तिने वाचलं. समुद्रघोडा.

शुद्ध पाण्यात, लॅबमध्येच भरलेल्या पाण्यात समुद्रघोडा येणार कुठून? कोणीतरी, काहीतरी, वाटेत मिसळलं होतं. जे कोऱ्या बाटलीत गेलं, ते बाकीच्यांतही गेलं असणार. म्हणजे तो सगळा निकाल केराच्या टोपलीत.

"खोल पाण्यातल्या बाटलीतही घोडा होता," मॅडम म्हणाल्या. "तिथे गवताची काडी नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती. तू तर नव्या मुलांना शिकवतेस, कोरी बाटली आधी बघायची. या वेळी काय झालं?"

या वेळी काय झालं होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण ते मॅडमना कसं सांगणार?

एक क्षण, हे कबूल करायलाच हवं, एक क्षण तिच्या मनात आलं की ह्या दोन बाटल्या अहवालात घातल्याच नाहीत तर? म्हातारा खूश, गवत वाचलं, कोणाला कळणार? मग तिची तिलाच लाज वाटली. तिने स्वतःच्या हाताने सगळ्या निकालावर काट मारली, तोंड धुतलं आणि धक्क्याची वाट धरली.

*

शिट्टी तिला बघून धावतच आला. तिने होडीत बसून सगळं सांगितलं, एका दमात, मान खाली घालून. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"पहिल्या फेरीची बाटली स्वच्छ होती?"

"हो."

"पहिल्या फेरीत मी बाटल्यांना हात लावला नव्हता." त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे तुला वाटतं, मी मुद्दाम काही मिसळलं. बाबांसाठी."

"मी असं म्हटलं नाही."

"म्हणायला कशाला हवं? तू इथे येऊन बसलीस, त्यातच आलं." त्याने रागाने हातमोज्यांची पिशवी ओढली. "चल. आत्ता चल खाडीत. मी कसं करतो ते सगळं तुझ्या डोळ्यांनी बघ. एकेक गोष्ट बघ."

त्याने मोजे चढवले, दोन्ही हातांचे, मनगटापर्यंत, तिने शिकवले तसेच. इंजिनाची दोरी धरली. आणि निघण्याआधी, सवयीने, वर न बघताच, त्याचा मोजा घातलेला हात दोऱ्याला टांगलेल्या वाळक्या समुद्रघोड्याला लागला.

दोघंही जागच्या जागी थिजली.

"अरे…" ती हळूच म्हणाली. "हे… रोज?"

"निघताना. आणि दर ठिकाणी नांगर टाकला की परत एकदा."

"मोजे घालून?"

"मोजे घातल्यावरच," तो अगदी रडवेल्या आवाजात म्हणाला. "चांगलं काम आहे, म्हटलं, स्वच्छ हातानेच लावावा…"

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि तो गोंधळून मोजे घातलेल्या हाताने तिचे डोळे पुसायला गेला, मग थबकला आणि विचारू लागला की आधी मोजा बदलू का. त्यावर ती खरोखरच रडली. त्याच्यावर क्षणभर शंका घेतली, म्हणून रडली. तसं तिने त्याला सांगितलंही.

"घेतलीस ते बरं केलंस," तो म्हणाला. "नाहीतर मी मेलेल्या घोड्याला आयुष्यभर हात लावत बसलो असतो."

आता बाबांना सांगायचं होतं, आणि ते तिने सांगायचं ठरवलं. म्हाताऱ्याने इस्त्रीचा शर्ट अजून उतरवला नव्हता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाहेरून कोणीतरी जाताना आवाज दिलाच, "काका, आज चहा नाही का?" म्हाताऱ्याने शर्टाचं वरचं बटण काढलं.

"म्हणजे मी परत खोटा."

"नाही, बाबा. खोटं कोणीच नाही. मी घाई केली. तुमचा घोडा गवतात आहे की नाही, हे अजून आपल्याला माहीतच नाही."

"तुला माहीत नाही. मला माहीत आहे." तो उठला, होडीवर गेला, स्वतःच्या हाताने तो दोरा सोडवला आणि वाळका घोडा पत्र्याच्या डब्यात घालून झाकण दाबलं. "मेलेला सांभाळत बसलो आणि जिवंताची साक्ष बुडवली. आता ऐक, पोरी. तुम्ही भरतीला जाता. चूक करता. ओहोटी संपत आली की गवतातलं पाणी हळूहळू बाहेर येतं, दक्षिणेच्या तोंडाने. त्या तोंडाशी बाटली धर."

इतकी वर्षं मासे आणि पाणी यांचा अभ्यास करूनही हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने वहीत लिहून घेतलं.

*

सुनावणीला पंधरा दिवस उरले होते. होडी दोनदा ब्लीचने धुतली. शिट्टीला आणि बाबांना पुढच्या टोकाला बसवलं, हात मांडीवर, कशालाही शिवायचं नाही. होडी चालवायला ओळखीचा दुसरा माणूस घेतला. मोठ्या मॅडम स्वतः आल्या, डोक्याला रुमाल बांधून. गवताच्या तोंडाशी सहा बाटल्या भरल्या, दोन कोऱ्या उघडून मिटल्या. प्रत्येक बाटलीतलं अर्धं पाणी मॅडमनी मोहोर लावून दुसऱ्या शहरातल्या लॅबला पाठवलं, जिथे ह्यांच्यापैकी कोणालाच कोणी ओळखत नव्हतं. त्यांचा निकाल थेट सुनावणीच्या साहेबांकडे जाणार होता, बंद पाकिटात.

"हात मांडीवर ठेवून बसणं फार अवघड आहे," शिट्टी लांबूनच म्हणाला.

"का?"

"तुझा चष्मा घसरतोय. वर करावासा वाटतो."

मोठ्या मॅडम घाईघाईने क्षितिजाकडे बघायला लागल्या.

या वेळी तिने कोऱ्या बाटल्या आधी पाहिल्या. स्वच्छ. मग श्वास रोखून बाकीच्या पाहिल्या. सहापैकी चार बाटल्यांत समुद्रघोडा. ती खुर्चीत बसून राहिली, फोन हातात घेतला आणि परत ठेवला. पाकीट उघडेपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ते आठ दिवस तिने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. रोज संध्याकाळी धक्क्यावर जायची, त्याच्या शेजारी पाय सोडून बसायची आणि तो काही विचारायचा नाही. नुसता चहा आणायचा. ह्या न विचारण्यावरच ती सगळ्यात जास्त भाळली.

*

सुनावणीच्या खोलीत पंखे घरघरत होते. धक्क्यावरची निम्मी मंडळी मागे उभी होती. बाबा पहिल्या रांगेत ताठ बसले होते.

तिने अहवाल वाचला. पहिला निकाल का काढून टाकला, तेही वाचलं, मोज्यांसकट, वाळक्या घोड्यासकट. मागे खसखस पिकली. शिट्टीचे कान लाल झाले.

मग खोदकामाच्या बाजूचे वकील उठले. "साहेब, एकदा चूक झाली. होडी अर्जदाराच्या मुलाची. आणि ह्या बाई रोज संध्याकाळी त्याच मुलाबरोबर धक्क्यावर बसलेल्या दिसतात, हे सगळं गाव सांगेल." ते तिच्याकडे वळले. "मॅडम, तुमचा त्या मुलाशी संबंध काय? स्पष्ट सांगा."

तिने साहेबांच्या पुढ्यातल्या बंद पाकिटाकडे पाहिलं. मग बाबांकडे. काही नाही, असं म्हटलं की झालं. ते खोटंही ठरलं नसतं, दोघांनी एकमेकांना कधी काही बोलून कुठे दाखवलं होतं? आणि खरं बोललं तर म्हाताऱ्याचा अर्ज हातचा जाईल.

"ठरलेलं काही नाही," ती म्हणाली. "आम्ही कधी बोललोही नाही. पण… मला तो आवडतो. खूप आवडतो. पहिल्या वेळी मी घाई केली, ती त्याच्या बाबांना आनंद व्हावा म्हणूनच केली. म्हणून दुसऱ्या वेळी अर्धं पाणी परक्यांना दिलं. हे तुमच्या नोंदीत असायला हवं असेल, तर लिहून घ्या."

तिला मागे वळून बघायचं धाडस होईना. लिहिणाऱ्या कारकुनाने मान वर केली. "साहेब, 'खूप' पण लिहू?"

"लिहा," साहेब म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून शिट्टीकडे पाहिलं. "होडीवाले, तुमचं काही म्हणणं?"

शिट्टी उठला. धक्क्यावर दिवसभर ज्याचं तोंड बंद नसायचं, त्याला एक शब्द सुचेना. "साहेब, मी… म्हणजे माझं पण… ते खूप आहे ना, ते माझंही लिहून घ्या."

मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. त्या गोंगाटात बाबा काठी आपटत उभे राहिले. "अरे, ह्यांचं होईल नंतर! साहेब, आधी गवताचं बोला!"

साहेबांनी पाकीट फोडलं. आतला कागद एकदा मनात वाचला, मग मोठ्याने. कोऱ्या बाटल्या दोन्ही स्वच्छ. गवताच्या तोंडाशी भरलेल्या सहा बाटल्यांपैकी चारांत समुद्रघोडा. तेच क्रमांक, त्याच चार बाटल्या. वकिलांनी कागद मागून घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि खाली बसले.

"दक्षिणेच्या कोपऱ्यात खोदकाम होणार नाही," साहेब म्हणाले. "बोटींची जागा उत्तरेला बघा. आणि काका, ते घोडे तुम्ही शेवटचे कधी पाहिलेत, तेही नोंदीसाठी सांगा."

बाबांनी सांगितलं. वर्ष सांगितलं, महिना सांगितला, पाणी किती खोल होतं ते सांगितलं, आणि एका पात्याला दोन घोडे कसे शेपटी धरून होते, तेही. मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणीही हसलं नाही. कारकून लिहीत होता आणि म्हातारा, लिहायला वेळ मिळावा म्हणून, सावकाश सांगत होता.

ती दोघं बाहेर पायऱ्यांवर आली. आतून अजून बाबांचा आवाज येत होता. ऊन पडलं होतं, आणि दोघांनाही हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"असं भर सभेत सांगतात का?" तो म्हणाला. "मी आज संध्याकाळी विचारणार होतो. आठ दिवस वाक्य पाठ करतोय."

"मग विचार ना."

"आता विसरलो सगळं."

"बरं, मी विचारते. माझं इथलं काम पुढच्या महिन्यात संपतंय. इथेच राहायचं तर खाडीची नवी मोजणी मागून घ्यावी लागेल, वर्षभराची. मी ती मागू का, आणि तू माझ्याशी…"

"हो!"

"अरे, प्रश्न तरी पुरता ऐक!"

"ऐकतो. परत विचार." त्याने तिचा घसरलेला चष्मा एका बोटाने वर केला आणि हात तिथेच, तिच्या गालावर ठेवला. "पहिल्यापासून विचार. सावकाश."

तिने पहिल्यापासून विचारलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. तो एकदाही मध्ये बोलला नाही. आणि मग त्याने परत हो म्हटलं.